दुसऱ्या कुणाचे तरी सुभेदार

प्रवीण भिंगारदिवे यांच्या आजोबांना जाऊन ऐंशी वर्षं झाली होती, आणि या ऐंशी वर्षांत त्यांना सारखी बढती मिळत होती. प्रवीणरावांचे वडील शाळेत होते तेव्हा ते नुसते 'लढाईला गेलेले' होते. वडील नोकरीला लागले तेव्हा ते हवालदार झाले. प्रवीणरावांचं लग्न ठरायच्या वेळी एकदम सुभेदार. आणि नगरच्या कॉलनीत चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात प्रवीणरावांना दरवर्षी पाच मिनिटं बोलायला मिळू लागली, तेव्हापासून तर विचारायलाच नको. एका वर्षी आजोबांना तलवार मिळाली. पुढच्या वर्षी त्यांनी जखमी कर्नलला खांद्यावर टाकून आणलं. त्याच्या पुढच्या वर्षी कर्नल दोन झाले. इतक्या भराभर वर चढणं जिवंत सरकारी नोकराला जमत नाही. स्वतः प्रवीणराव एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर होते, आणि त्या खुर्चीचाही एक पाय नंतर बसवलेला होता.

ही खुर्ची एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात, खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेरून कुणी आजोबांच्या जन्माची नोंद मागायचं, कुणी पणजोबांच्या जमिनीची. प्रवीणरावांकडे उत्तरं तीन होती: रेकॉर्ड जीर्ण आहे, रेकॉर्ड वर गेलंय, आणि सोमवारी या. ती ते आळीपाळीनं देत, म्हणजे कुणावर अन्याय नको.

घरी हॉलमध्ये सुभेदारांचं मोठं रंगीत चित्र होतं. फोटो कुणी काढलेलाच नव्हता, म्हणून सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरनं प्रवीणरावांच्या वडिलांनाच खुर्चीत बसवलं होतं आणि वरून फेटा, मिशा नि तलवार चढवली होती. वडिलांना तेव्हा गुडघेदुखी होती. त्यामुळे चित्रातले सुभेदार शूर दिसतात, पण आता उठायला कुणीतरी हात द्यावा असेही दिसतात.

सगळं सुरळीत चाललेलं असताना, अठ्ठ्याण्णव सालच्या एका रविवारी, पेपरात बातमी आली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांची नावं, अगदी हिंदुस्थानातल्यांचीसुद्धा, विलायतेत कॉम्प्युटरवर चढवली आहेत आणि जगातल्या कुणालाही ती इंटरनेटवरून बघता येतात. प्रवीणरावांनी बातमी मोठ्यानं वाचली. ऐकायला बायको दीपा होती, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पारनेरकडच्या गावाहून आलेल्या राहीबाई, म्हणजे प्रवीणरावांच्या आत्या, ब्याऐंशी वर्षांच्या. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून त्या कॉटवर बसल्या होत्या.

"आमच्या बापाचं नाव आसंल का रं त्यात?" राहीबाईंनी विचारलं.

प्रवीणराव म्हणाले, सुभेदारांचं नाव नसेल तर कुणाचं असेल, बहुतेक पहिल्याच पानावर असेल.

 दुपारी दीपा राहीबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होती, तेव्हा त्या मनातलं बोलल्या. डोळ्यात औषध असलं की माणसाला रडण्याचा संशय येत नाही, म्हणून असेल. बाप बसऱ्याच्या लढाईला गेला तेव्हा त्या पाळण्यात होत्या. बाप परत आला नाही. पुढं भावकीतल्या कुणीतरी त्याला खर्ड्याच्या बाजारात बघितला, दुसऱ्या बायकोबरोबर, अशी बातमी उठली, आणि बातमीला पाय फुटले ते आजतागायत चालतायत. भावकीतली रंगुबाई राहीबाईंच्याच वयाची. ती अजूनही भांडण हातघाईवर आलं की म्हणते, तुझा बाप खर्ड्याला. राहीबाईंची आई आक्काबाई बावन्न साली गेली, ती कपाळावर कुंकू घेऊनच. लावावं की पुसावं हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

"मेला आसंल तर कवा मेला तेवढं कळू दे," राहीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मेनबत्ती लावीन. आन् खर्ड्याला आसंल तर तेबी कळू दे. मला आता कुठवर वाट बघायची हाय."

दीपानं हे रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवऱ्याच्या कानावर घातलं. खर्ड्याची गोष्ट प्रवीणरावांना अजिबात आवडली नाही. सुभेदार बाजारात दिसत नाहीत, असं ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

नगरात तेव्हा इंटरनेट म्हणजे मोजक्या ठिकाणी. त्यातलं एक सावेडीत, रेश्मा मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. रेश्मा मॅडम तिशीच्या होत्या आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला विद्यार्थी समजत. प्रवीणरावांना त्यांनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग हात पुसायला लावले, मग "काका, माऊस दाबून धरायचा नसतो, तो पळून जात नाही," असं बारा मुलींच्या देखत सांगितलं. एकोणीस वर्षं लोकांना खिडकीबाहेर उभं केलेल्या माणसाला हे सोसणं सोपं नव्हतं.

इंटरनेट लावायचं म्हणजे फोन पुण्याला लावायचा. तो लागला की मशीनमधून मांजर पिंपात पडल्यासारखा आवाज येई, आणि आवाज थांबला की मशीन जोडलं जाई, किंवा लाइट जाई. पहिल्या दिवशी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी मशीन जोडलं गेलं आणि पडद्यावर विलायती पान उतरायला लागलं, वरून खाली, ओळीमागून ओळ, म्हातारं माणूस जिना उतरतं तसं. शेवटी एक रिकामा चौकोन आला. आडनाव लिहा.

प्रवीणरावांनी छाती काढून आडनाव सांगितलं. ते इंग्रजीत टाइप होईपर्यंत मागच्या मुलीचा एक धडा संपला. रेश्मा मॅडमनी बटण दाबलं. पान परत जिना उतरलं. एकही नोंद नाही.

"परत बघा," प्रवीणराव म्हणाले.

परत बघितलं. एकही नोंद नाही. अख्ख्या महायुद्धात एकही भिंगारदिवे मेला नव्हता. प्रवीणरावांनी सांगितलं की तुमचं मशीन जुनं असेल. रेश्मा मॅडमनी सांगितलं की मशीन दिवाळीत घेतलंय, रेकॉर्डच नसेल. मग विलायतेला कळवून दुरुस्ती करता येईल का, असं प्रवीणरावांनी विचारलं, तेव्हा मॅडम निर्विकारपणे म्हणाल्या, "सोमवारी या काका."

प्रवीणराव चपला घालून बाहेर आले आणि बराच वेळ चुकीच्या दिशेनं चालले.

आता शेजारचे बन्सीअण्णा यांना हे कळू नये अशी प्रवीणरावांची इच्छा होती, म्हणून अर्थातच ते आधी बन्सीअण्णांना कळलं. बन्सीअण्णा कॅन्टोन्मेंटमध्ये स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी ब्लँकेटं मोजली, पण रिटायर झाल्यापासून ते 'मिल्ट्रीचं मला सांगू नका' याच्याशिवाय वाक्य सुरू करत नसत. त्यांनी सल्ला दिला: मिल्ट्रीत नावाला किंमत नसते, हुद्द्याला असते. हुद्दा टाकून शोधा. सुभेदार टाका आणि पुढं धोंडीबा टाका, माणूस हजर.

आजोबांचं नाव धोंडीबा होतं, एवढं प्रवीणरावांना वडिलांच्या दाखल्यावरून माहीत होतं. सोमवारी त्यांनी हुद्दा टाकला, आणि धोंडीबा इंग्रजीत लांबेल म्हणून नुसतं धोंडी टाकलं. रेश्मा मॅडमनी बटण दाबलं. या वेळी लाइट गेली नाही, फोन तुटला नाही, आणि पानाच्या अगदी तळाला, शेवटच्या पायरीवर, सुभेदार धोंडी उभे होते. बसरा इथं मरण, सन एकोणीसशे सोळा.

प्रवीणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं; त्याची थट्टा करायचं कारण नाही. थट्टा पुढं आहे. नावाच्या खाली वडिलांचं नाव होतं लक्ष्मण आणि जिल्हा होता सातारा. रेश्मा मॅडमनी बोट ठेवून विचारलं, काका, तुम्ही नगरचे ना? प्रवीणराव म्हणाले, इंग्रजांना त्या काळी सगळा देश सारखाच. आणि वडिलांचं नाव? आजोबांच्या वडिलांचं नाव प्रवीणरावांना माहीत नव्हतं. हजारो लोकांच्या पणजोबांवर ते एकोणीस वर्षं बसून होते, स्वतःचा कधी मागितला नव्हता. लक्ष्मण असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. चांगलं नाव आहे.

कागद छापून घेतला, प्लॅस्टिकमध्ये घालून कडक केला, आणि चार दिवसांत तो कॉलनीतल्या प्रत्येक घरात चहा पिऊन आला. बन्सीअण्णांनी लगेच कमिटी केली, कारण कमिटी करायला त्यांना नेहमीच फक्त कारण हवं असे. ठरलं असं, की पाण्याच्या टाकीपासून मोरीपर्यंतच्या रस्त्याला सुभेदारांचं नाव द्यायचं, आणि रविवारी समाजमंदिरात राहीबाईंचा 'वीरकन्या' म्हणून सत्कार करायचा. मंडपवाल्याला सांगितलं. शाल आणली. बोर्ड रंगवायला तोच जुना पेंटर धरला. त्यानं विचारलं तलवार एक काढू का दोन. प्रवीणरावांनी रजेचा अर्ज टाकला आणि कारणाच्या रकान्यात 'राष्ट्रीय' असं लिहिलं.

राहीबाईंना फक्त विचारायचं राहिलं होतं. गुरुवारी संध्याकाळी कमिटी घरी आली. पट्टी निघाली होती. राहीबाई काळा चष्मा लावून कॉटवर बसल्या होत्या, त्यामुळे त्या कुणाकडे बघतायत ते कळत नव्हतं, आणि कमिटीतले सगळेच सावरून बसले. बन्सीअण्णांनी उभं राहून कागद वाचला. सुभेदार धोंडी, लक्ष्मण यांचे पुत्र.

"कुनाचा पुत्र म्हनला?"

"लक्ष्मण यांचे, आजी."

"आन् गाव?"

बन्सीअण्णांनी प्रवीणरावांकडे बघितलं. प्रवीणरावांनी चहाकडे बघितलं. सातारा, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

"मग हे दुसऱ्या कुनाचं तरी सुभेदार हायेत," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांच्या घरी नेऊन द्या. त्यांची लेक वाट बघत आसंल."

कमिटीनं बिस्किटं संपवली, पण पूर्वीच्या उत्साहानं नाही. जाताना बन्सीअण्णा म्हणाले, मिल्ट्रीत असं होतं. एकदा पाचशे ब्लँकेटं अशीच दुसरीकडे गेली होती.

सगळे गेल्यावर प्रवीणराव चित्राखाली बसले. आत्या, आधी का नाही सांगितलंत, असं त्यांनी जरा घुश्शातच विचारलं. राहीबाईंनी सांगितलं की आधी कुणी विचारलंच नाही. मग एकेक गोष्ट निघाली. बापाचं लष्करातलं नाव धोंडनाक. त्याच्या बापाचं सिदनाक. आजोबा-पणजोबांच्या वेळी आपल्या माणसांची नावं अशीच, नाक लावून, फौजेत लिहीत. आणि आडनाव?

"आडनाव कुठलं. तुझ्या बापाला साळंत घातला तवा मास्तर म्हनला, आडनाव सांगा. आईला काय सांगावं कळंना. तवा आमी भिंगारजवळ दिवे-बत्तीच्या कामाला हुतो, त्यावरनंच मास्तरनं भिंगारदिवे घातलं लिवून. बाप लढाईला जाऊन सा वर्सं झाली हुती. त्याला बिचाऱ्याला काय ठावं, आपन भिंगारदिवे हाय म्हनून."

 म्हणजे आठ दिवस प्रवीणराव एका माणसाला, तो गेल्यानंतर लागलेल्या आडनावानं हाका मारत होते, आणि तो ओ देत नाही म्हणून मशीनवर चिडत होते.

"आणि सुभेदार?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज जरा बारीक आला.

"खेचरं हाकायला गेला हुता त्यो. खेचरांच्या पलटनीत. आई सांगायची, खेचराच्या बोलीत बोलायचा घरातबी." राहीबाईंनी चष्मा सारखा केला. "तुझ्या लग्नात तुझ्या बापानं सुभेदार सांगितला. दीपाच्या बापाला बरं वाटलं. म्या कशाला मोडता घालू?"

दीपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "माझ्या बाबांनी मी मॅट्रिक फर्स्ट क्लास म्हणून सांगितलं होतं. फिटंफाट झाली म्हणायची."

मग प्रवीणरावांनी रेकॉर्ड विभागात कुणी कधी विचारत नाही असा प्रश्न विचारला: सरकारकडून मरणाचा कागद आला नव्हता का? राहीबाई म्हणाल्या, आला होता म्हणे एक कागद. पण वाचणार कोण? गावात ज्याला वाचता येत होतं त्याच्या ओट्यावर आपल्याला चढता येत नव्हतं. आक्काबाई कागद घेऊन दोन दिवस ओट्याखाली उभी राहिली. घरधनी म्हणाला नंतर ये. ती नंतर गेली, तेव्हाही तो म्हणाला नंतर ये. मग पावसाळा आला, आणि कागदाचा लगदा झाला.

नंतर ये. प्रवीणरावांना हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. ते उठून पाणी प्यायले.

शनिवारी सकाळी ते आत्याला घेऊन रिक्षानं सावेडीला गेले. रेश्मा मॅडमनी राहीबाईंना चपला काढायला सांगितलं नाही. उलट स्वतःची गादीची खुर्ची दिली. आडनावाच्या रिकाम्या चौकोनात या वेळी नुसतं एकच नाव गेलं: धोंडनाक. मांजर पिंपात पडलं. पान जिना उतरायला लागलं. राहीबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या पडद्याकडे अशा बघत होत्या, जणू रस्त्याच्या वळणावरून कुणी यायचं आहे.

सात धोंडनाक आले. सात जण. बसऱ्याला सात धोंडनाक मेले होते आणि त्यांच्याबद्दल चौदा एप्रिलला कुणी काही बोललं नव्हतं. मॅडमनी एकेक उघडला. तिसऱ्याच्या वेळी फोन तुटला. परत पुणे, परत मांजर. पाचव्याच्या खाली गाव होतं, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर.

मॅडमनी प्रवीणरावांना वाचायला सांगितलं. प्रवीणराव इंग्रजी मनात वाचून मराठीत सांगू लागले.

"धोंडनाक. खेचर दल. हुद्दा," इथं ते जरासे अडखळले, "खेचरं हाकणारा. मरण अकरा जानेवारी एकोणीसशे सतरा. नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदवहीत आहे. सिदनाक यांचा मुलगा." पुढची ओळ अजून उतरत होती. ती पूर्ण उतरली. "आक्काबाईचा नवरा."

"काय म्हनला?"

"आक्काबाईचा नवरा, आत्या. असं लिहिलंय."

"कुनी लिवलंय?"

"सरकारनं."

राहीबाई थोडा वेळ हिशेब लावत बसल्या. सतरा सालच्या जानेवारीत त्यांना नुकते दात येत होते. खर्ड्याच्या बाजारातली बातमी त्यानंतर दोन वर्षांनी उठली होती.

"म्हंजे त्यो मेल्यावर खर्ड्याला दिसला," त्या म्हणाल्या. "रंगुबाईच्या मानसांची नजर लई तेज." मग त्यांनी काळा चष्मा काढला आणि पदरानं पुसला. चष्मा कोरडाच होता. रेश्मा मॅडम उठून उगाचच प्रिंटरकडे गेल्या.

रविवारी समाजमंदिरात मंडप उभाच होता. बन्सीअण्णांनी सुचवलं की घातलाच आहे तर पल्स पोलिओचा कार्यक्रम करून टाकू. प्रवीणराव मात्र त्या दिवशी पहिल्या एसटीनं आत्याला घेऊन गावी गेले, कारण आत्यानं सांगितलं होतं की कागद गावात वाचायचा, आणि तो रंगुबाईच्या दारात वाचायचा.

रंगुबाई अंगणात बाजरी पाखडत होती. राहीबाई तिच्यासमोर बसल्या आणि भाच्याकडे हात केला. आजूबाजूची पाच-पन्नास बायामाणसं जमायला वेळ लागला नाही. प्रवीणरावांनी कागद उघडला. त्यांच्या अंगावर रजा घेऊन शिवून घेतलेला सत्काराचा सफारी होता. याच गावात मागच्या वर्षी उशिरा झालेल्या जयंतीला त्यांनी दोन कर्नल खांद्यावरून आणले होते, आणि ते ऐकलेली माणसं समोर उभी होती. हुद्द्याची ओळ सोडून देता आली असती. राहीबाईंना कळलंही नसतं.

कळलं असतं. त्या पाहत होत्या.

प्रवीणरावांनी घसा साफ केला आणि सगळं वाचलं. खेचरं हाकणारा, हे त्यांनी जरा मोठ्यानंच वाचलं, चूक पकडली जाण्याआधी माणूस कबूल करतं तसं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. पण 'आक्काबाईचा नवरा' आलं तेव्हा सूप थांबलं.

"परत वाच," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी परत वाचलं. राहीबाईंनी त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि तिसऱ्यांदा रंगुबाईनंच मान हलवून "सरकारी कागद हाय बाई," म्हटलं आणि आत जाऊन चहा टाकला. ब्याऐंशी वर्षांत त्या घरचा चहा राहीबाईंनी पहिल्यांदाच घेतला. साखर कमी होती, एवढंच त्या नंतर म्हणाल्या.

आता अकरा जानेवारीला भिंगारदिव्यांकडे मेणबत्ती लागते. मोरीपर्यंतच्या रस्त्याला नाव दिलं गेलं नाही. त्यावर दुसऱ्या कमिटीचा डोळा आहे. कचेरीत खिडकीबाहेरच्या माणसाला प्रवीणराव अजूनही सोमवारी या म्हणतात, पण आधी हातातला कागद मागून घेऊन वाचून दाखवतात, आणि आडनावावर सापडला नाही तर आजीचं नाव विचारतात. सहकाऱ्यांच्या मते त्यांची तब्येत ठीक नाही.

हॉलमधलं चित्र काढायचं की ठेवायचं यावर घरात बराच वाद झाला. शेवटी राहीबाईंनी निकाल दिला, आणि पेंटरला बोलावून तलवार पुसून तिथं खेचर काढून घेतलं. मिशा तशाच आहेत, गुडघे तसेच आहेत. खेचर मात्र फार छान उतरलंय. राहीबाई म्हणतात, सगळ्या चित्रात तेवढंच खरं घरचं वाटतं.